सरांनी काय वाचावं?

विद्यार्थ्यानं शिक्षकांना पुस्तकं सुचवणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण अनुभव घेतलाय, म्हणून बोलते.

मी कॉन्व्हेंटची. फर्स्ट इयरला मराठीत पहिला लेख लिहिला, आमच्या रहिमतपूरवर. त्यात सात वेळा 'रहिमतपूरात' असं होतं. लेख तपासून परत आला तेव्हा सातही शब्दांभोवती लाल गोल! का चुकलं, ते मात्र कुठेच नाही. कॉम्पायलरसुद्धा एरर कसला ते सांगतो हो! मी लेख फाडला आणि मराठी लिहिणं सोडून दिलं.

सुट्टीत आजोबांनी दोन मिनिटांत उलगडा केला. 'पूर'मधला ऊ दीर्घ, पण 'पुरात' म्हटलं की तो ऱ्हस्व. तसंच वीट-विटेला, फूल-फुलाला, वकील-वकिलाला. म्हणजे माझ्या चुका सात नव्हत्याच, एकच होती! आणि तीही बिनडोक नव्हती. इंग्लिशमध्ये गावाचं नाव बदलत नाही, म्हणून मी मराठीतही बदललं नाही.

नेमकं हेच सांगणारं एक पुस्तक आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं १९७० मध्ये शहरातल्या शाळा पास झालेल्या सर्वांना प्रवेश खुला केला. तिथल्या सिटी कॉलेजात लेखन शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध अभ्यासले आणि १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' लिहिलं. सार एवढंच, की चुकीमागे विचार असतो. शिक्षकानं आधी तो शोधावा.

रिपोर्ट रायटिंग शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं. मराठी तपासणाऱ्यांनी जोडीला मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' टेबलावर ठेवावं आणि अरुण फडके यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात' नावाप्रमाणे खिशात! नियम माहीत असणं वेगळं आणि तो चुकणाऱ्याला समजावता येणं वेगळं.

आणखी एक, सरांनी स्वतःही लिहावं. रहिमतपुरात जन्मलेले वसंत कानेटकर नाशिकच्या कॉलेजात शिकवता शिकवता नाटकं लिहीत. कोऱ्या कागदाची भीती ज्याला माहीत आहे, तो लाल पेन जरा जपूनच चालवेल ना?

सर, लाल गोल जरूर करा. फक्त शेजारी एक ओळ लिहा. त्या एका ओळीअभावी माझं एक वर्ष गेलं.