शब्दांचा गोतावळा

बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या हातात हल्ली एक वही हमखास दिसते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज पन्नास, म्हणजे महिन्याला दीड हजार शब्द! क्लासवाले हा हिशेब मोठ्या उत्साहाने मांडतात. उमेदीची वर्षे बँकेत आकडेमोडीत घालवलेल्या माझ्यासारख्याला मात्र तो कच्चा वाटतो.

'अबेट' म्हणजे कमी होणे, हे मुलाने पाठ केलेले असते. मग तो बिनदिक्कत लिहितो, माझा पगार 'अबेट' झाला. इंग्रजीत वादळ 'अबेट' होते, ताप होतो, राग होतो, पगार नव्हे. आता आपला 'ओसरणे' घ्या. पूर ओसरतो, गर्दी ओसरते, पावसाचा जोर ओसरतो. पगार ओसरला, असे दुसरीतले पोरही म्हणणार नाही. हे त्याला कोणत्या यादीने शिकवले? नोट मोडायची, चेक वटायचा, भांडण मिटायचे. शब्द कानावर पडला तो सोबत्यांसकट. यादीत नेमके हे सोबतीच गळतात.

आणि परीक्षा तर सोबतीच विचारते. आयबीपीएसच्या पीओ पूर्वपरीक्षेत 100 पैकी 30 गुण इंग्रजीचे. उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा, वाक्यातली चूक. नुसता अर्थ ठाऊक असून भागत नाही. शिवाय प्रत्येक विभागात किमान गुण हवेतच. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा इंग्रजीत अडला की तिथेच थांबतो. मराठी शाळेतून आलेल्या कितीतरी हुशार मुलांची वाट इथेच अडते.

खरे तर या मुलांना एक किल्ली शाळेतच मिळालेली असते. 'कृ' धातूपासून कर्ता, कर्म, कार्य, कृती हे त्यांनी संस्कृतच्या तासाला घोकलेले असते. लॅटिनचेही तसेच. 'ऑडिट'च्या मुळाशी 'ऐकणे' आहे. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचत आणि तपासणारा ऐकत असे. (आमच्या शाखेत ऑडिट आले की ऐकून आम्हीच घेत असू, तो भाग वेगळा.) एवढे कळले की ऑडियन्स, ऑडिटोरियम, ऑडिबल ही भावंडे आपसूक ओळखीची होतात. 'क्रेडिट'च्या मुळाशी विश्वास. 'क्रेडिबल' आणि 'इन्क्रेडिबल' त्याच घरातले.

तालुक्याच्या गावांतून आता अभ्यासिका झाल्या आहेत. पंखे, दिवे, गाइडांची चळत, सगळे असते. मी पाहिलेल्या अनेक ठिकाणी इंग्रजी दैनिक मात्र नव्हते. ते ठेवावे, आदल्या दिवशीचे असले तरी चालेल. रोज एक अग्रलेख वाचावा, अडलेला शब्द अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवावा. दिवसाला चार-पाच झाले तरी पुष्कळ. एका चालकांना हे सुचवले, तर म्हणाले, "साहेब, पोरे फक्त क्रिकेटचे पान वाचतात." वाचेनात का! ज्याला खेळ कळतो, त्याला तिथला नवा शब्द वाक्यावरूनच कळतो.