मातृगौरव : एका लेकीची आई, अनेक लेकरांच्या बाई

घरातील कर्त्या स्त्रीचे मोठेपण बहुधा सणवार, नातीगोती आणि आल्यागेल्याचे आतिथ्य यांवरून मोजले जाते. परंतु घरात एखादे लेकरू इतरांसारखे चालू, बोलू शकत नसेल, तर त्या स्त्रीची खरी कसोटी लागते. नशिबाला दोष देऊन ती आयुष्य कंठते, की त्या लेकरासाठी नवी वाट तयार करते, यावर केवळ त्या मुलाचेच नव्हे, तर साऱ्या कुटुंबाचे भवितव्य ठरते. डॉ. मिथू अलूर यांनी दुसरा मार्ग निवडला आणि ती वाट पुढे हजारो कुटुंबांची झाली.

१९६६ साली कोलकात्यात त्यांच्या पोटी मालिनीचा जन्म झाला. जन्मसमयी प्राणवायू कमी पडल्याने बाळाच्या मेंदूला इजा झाली. या अवस्थेला ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणतात. यात मेंदूचा स्नायूंवरील ताबा सुटतो. हातपाय ताठरतात, मान सावरत नाही, जीभ हवी तशी वळत नाही. हा संसर्गजन्य रोग नव्हे, आणि मेंदूला झालेली मूळ इजा वयाबरोबर वाढतही नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शरीर परावलंबी असले, तरी बुद्धी पूर्णपणे शाबूत असू शकते. मालिनीची बुद्धी तशीच शाबूत होती. मात्र हे ओळखणारे त्या काळी आपल्याकडे फारसे कोणी नव्हते. काही होणे नाही, हाच निर्वाळा मिळत राहिला.

मिथूताईंनी तो स्वीकारला नाही. मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तेथे अशा मुलांना शिकवण्याचे स्वतंत्र शास्त्र आहे, हे त्यांनी पाहिले. केवळ पाहून त्या थांबल्या नाहीत, तर लंडनमध्ये स्वतः विशेष शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. आईची माया त्यांच्याजवळ होतीच, आता तिला शिक्षिकेच्या विद्येची जोड मिळाली. मायेने लेकरू सांभाळले जाते. ते स्वतःच्या बळावर उभे राहण्यासाठी मात्र विद्या लागते. हा भेद त्यांना लवकर उमगला.

मायदेशी परतल्यावर मुंबईत मालिनीजोगी एकही शाळा सापडेना. उपचार एकीकडे, शिक्षण कोठेच नाही, अशी स्थिती होती. तेव्हा १९७२ साली कुलाबा येथे अवघ्या तीन मुलांना घेऊन त्यांनी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ची शाळा सुरू केली. शिक्षिका, व्यायामोपचार देणारे आणि वाणी सुधारणारे तज्ज्ञ एकाच छताखाली आणणे, हे तिचे वैशिष्ट्य होते. अभिनेत्री नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. अशा शाळेत पेन्सिल धरण्याआधी मुलाला नीट बसवावे लागते, त्याच्या मापाची खुर्ची करून घ्यावी लागते. बोलता येत नसेल, तर चित्रफलकावर नजरेने किंवा बोटाने उत्तर द्यायला शिकवावे लागते. इतर मुले दिवसात शिकतात त्यासाठी येथे महिने लागतात. तरीही बाईंच्या चेहऱ्यावर त्रासिकपणा दिसता कामा नये, कारण ही मुले शब्दांआधी चेहरा वाचतात.

एका घरात लागलेला दिवा पाहून इतर घरेही जागी झाली. १९७४ मध्ये कोलकात्यात आणि १९७८ मध्ये दिल्लीत याच धर्तीचे कार्य सुरू झाले, पुढे बंगळूर व मद्रासपर्यंत ते पोहोचले. १९८९ साली भारत सरकारने मिथूताईंना पद्मश्रीने गौरविले.

एवढ्या यशानंतर कोणीही समाधानाने विसावले असते. मिथूताईंनी मात्र स्वतःच्याच कार्याची कठोर तपासणी केली. विशेष शाळा चांगल्या असल्या, तरी त्या किती मुलांना पुरणार? आणि वेगळ्या शाळेत वाढलेले मूल पुढे समाजात मिसळणार कसे? लंडन विद्यापीठातील पीएच.डी.साठी त्यांनी याच अंगाचा विषय निवडला : सरकारच्या अंगणवाडी योजनेतून अपंग बालके कशी वगळली जातात. त्यानंतर धारावीसारख्या वस्तीत, सर्व मुलांनी एकत्र शिकावे यासाठी त्यांनी काम उभारले. संस्थेचे नावही पुढे ‘अडॅप्ट’ झाले. आपणच बांधलेल्या वास्तूच्या भिंती रुंदावण्याची तयारी ठेवणे, हे मोठ्या मनाचे लक्षण होय.

आणि मालिनी? तिने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली, लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या, मुंबईतील ऑक्सफर्ड बुकस्टोअरमध्ये नोकरी केली. एका करंगळीने टंकलेखन करून तिने आत्मकथन लिहिले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘वन लिटल फिंगर’, म्हणजे एक करंगळी.

व्यापारी घराण्यांनी या चरित्रातून काय घ्यावे? आपल्याकडे दानधर्माला कमतरता नाही. शाळेला खोली बांधून देणारे, पुण्यतिथीला मिष्टान्न देणारे हात पुष्कळ आहेत. पण स्वतःच्या घरातील असे मूल पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते, भावंडांच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून त्याचा उल्लेख टाळला जातो. दान बाहेर आणि दडपण घरात, ही विसंगती दूर व्हायला हवी. मुलाला समारंभात सर्वांसोबत बसवावे, जमेल ते काम द्यावे. पेढीवर पाकिटे मोजणे, चिठ्ठ्या चिकटवणे, मालावर शिक्के मारणे हेदेखील सन्मानाचे काम आहे.

‘आमच्या माघारी याचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांना छळतो. त्याचे उत्तर केवळ भावांच्या शब्दावर सोडू नये. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या, अठरा वर्षांवरील व्यक्तीला गरज असल्यास जिल्ह्यातील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. मुलगा सज्ञान झाल्यावर आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. प्रमाणपत्र, मृत्युपत्र आणि मुलाच्या नावे केलेली तरतूद ही कामे आईवडील धडधाकट असतानाच उरकावीत. दुकानाचा हिशेब दर दिवाळीला नियमाने मांडणाऱ्यांना हे अवघड नाही.

मिथूताईंनी मुलीसाठी चमत्कार मागितला नाही, शाळा मागितली. ती नव्हती म्हणून काढली. प्रत्येक आईला संस्था काढता येणार नाही. परंतु घरातल्या लेकराला आतल्या खोलीतून पंगतीत आणून बसवणे तिच्या हाती निश्चित आहे, आणि त्यासाठी उद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.