हप्ता आणि उतारा

शिनोळी आणि बाची ही दोन गावे एकाच रस्त्यावर. भात तेच, रताळी तीच, पाऊसही तोच. परंतु शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणून महाराष्ट्रात. आणि बाची बेळगाव तालुक्यात, म्हणून कर्नाटकात! केंद्र सरकारच्या किसान सन्मान निधीचे वर्षाचे 6000 रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी, 2019 पासून उभय गावांतील पात्र शेतकऱ्यांसाठी आहेत. महाराष्ट्र सरकारने 2023 साली नमो शेतकरी महासन्मान निधी काढून त्यांत आणखी 6000 ची भर घातली. त्याच वर्षी कर्नाटकात सत्तापालट झाला आणि तेथील सरकार आपल्या तिजोरीतून जे 4000 देत असे, ते बंद पडले. शिनोळीला बारा हजार, बाचीला सहा.

हा हिशेब मांडून आपल्यातील काही मंडळी म्हणतात, ‘पाहा, महाराष्ट्रात का जावयाचे ते!’ हे शस्त्र आपण हाती धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. 2019 ते 2023 या काळात हाच हिशेब उलटा होता. तेव्हा बाचीला दहा हजार आणि शिनोळीला सहा होते. मग त्या वर्षांत आम्ही आपली मागणी गुंडाळून ठेवावयाची होती काय? मंत्रिमंडळे बदलतात तशी अनुदाने वरखाली होतात. 1956 पासून लाठ्या खाल्लेल्या आणि तुरुंग भोगलेल्या माणसांची मागणी त्या तराजूत घालणे हा तिचा अवमान आहे. मुंबईनेही आमच्यासाठी तिजोरी उघडण्याआधी 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला आपला दावा नेटाने चालवावा.

मग बाचीच्या शेतकऱ्याला गाऱ्हाणेच नाही काय? आहे, आणि ते रकमेहून खोल आहे. हा निधी जमीन ज्याच्या नावावर, त्याला मिळतो. नुसत्या कसणाऱ्याला नाही. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर झाली असेल तर चालते ती केवळ वारसाने आलेली. बाप वारला की वारसा लावा, आधार कार्डावरील नाव जुळवा, बँकेचे खाते जोडा. या साऱ्याच्या मुळाशी जो उतारा, तो कन्नडमध्ये. कन्नडशी आमचे वैर नाही. ती शेजाऱ्याची भाषा आहे. परंतु ज्याला उताऱ्यावर स्वतःच्या बापाचे नाव वाचता येत नाही, त्याला त्यातली चूक कळावी कशी? ती कळते हप्ता अडल्यावर. मग तो कागद घेऊन वाचून दाखवणाऱ्याच्या शोधात हिंडतो, आणि पेरणीच्या दिवसांतला रोज बुडवतो.

आम्ही नवे काही मागत नाही. जेथे 15 ते 20 टक्के लोकांची भाषा निराळी आहे, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे 1956 च्या केंद्र सरकारच्या निवेदनातच आहे. गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत देण्याचा अधिकार तर राज्यघटनेच्या 350 व्या कलमानेच दिलेला आहे. तेव्हा ज्याचा हप्ता अडला असेल त्याने तहसील कचेरीत मराठीत अर्ज द्यावा, उताऱ्याचे मराठी भाषांतर मागावे आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. एकट्याने जाण्यापेक्षा गावाने मिळून जावे. ज्यांना लिहिता येते त्या तरुणांनी रविवारी चावडीवर बसून हे अर्ज लिहून द्यावेत.