एक सबवूफर की दोन?

गेल्या महिन्यात एका सायंकाळी एक तरुण आपल्या आजोबांना घेऊन दवाखान्यात आला. आजोबांचे वय 78. जुना मधुमेह, दोन वेळचे इन्सुलिन आणि झिजलेले गुडघे. तपासणी आटोपली, चिठ्ठी लिहून झाली आणि उठता उठता नातवाने विचारले, "डॉक्टरकाका, दिवाळीत गाडीच्या डिकीत सबवूफर बसवला. आता जोडीला दुसरा बसवतोय. चालेल ना?"

पंचवीसहून अधिक वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न मला प्रथमच आला. मी हसून टाळणार, इतक्यात आजोबाच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गानं समजस नही, नुसतं छातीमा धडधड व्हस." आणि मग आजींनी ती दुसरी हकीकत सांगितली.

दर महिन्याला हे कुटुंब अमळनेरहून धुळ्याला तज्ज्ञांकडे जाते. मागच्या खेपेस जेवणाला उशीर झाला. परतीच्या वाटेवर मागच्या आसनावर आजोबांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. "साखर उतरतेय," असे ते दोनदा बोलले. पुढे बसलेल्यांना काहीच ऐकू गेले नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी वाकून नातवाच्या खांद्याला हात लावला, तेव्हा गाडी थांबली. पिशवीत बिस्किटे होती म्हणून निभावले. (खरे तर अशा वेळी बिस्किटापेक्षा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून द्यावी; ती लवकर लागू पडते. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही देऊ नये.)

त्यानंतर मी त्या प्रश्नाचा नीट अभ्यास केला. गावातल्या एका अनुभवी कारागिराकडे तासभर बसलो. त्याने समजावले ते आणि वैद्यकशास्त्र सांगते ते, दोन्ही एकत्र मांडतो.

सबवूफर हा केवळ सर्वांत खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर. पखवाजाच्या कणीक लावलेल्या अंगाचा जो घुमार, तो त्याचा प्रांत. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेथील भजन आठवा. त्यात पखवाज असतो, टाळ असतात आणि शब्द असतात. वय वाढते तसे अंतर्कर्णातील उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात. म्हणजे टाळांचा किणकिणाट प्रथम मंदावतो. त्यापाठोपाठ शब्दांतली स, श, फ, थ, ख ही व्यंजने पुसट होतात आणि 'साठ' म्हटलेले 'आठ' ऐकू येते. पखवाज मात्र जवळजवळ पूर्वीसारखाच ऐकू येत राहतो. अशा कानांपुढे आपण आणखी घुमार वाढवतो तेव्हा जे त्यांना पुरेसे ऐकू येतच होते तेच वाढते. शिवाय खालचा स्वर मोठा झाला की तो वरच्या स्वरांना झाकून टाकतो. हे झाकणे तरुण कानातही घडते, परंतु ज्याच्या वाट्याला मुळातच व्यंजने कमी येतात त्याच्याजवळ मग काहीच उरत नाही. आजोबांची तक्रार शब्दशः खरी होती.

आता दोनचा हिशेब. एका सबवूफरच्या जागी तसेच दोन लावले आणि वीजही दुप्पट दिली, तर आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास साधारण 10 डेसिबल लागतात. थोडक्यात, खर्च दुप्पट आणि आनंद त्याहून बराच कमी. कानाला मात्र ते 6 डेसिबल पुरेपूर पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 86 डेसिबलला उरतात 10 तास.

कारागिराचे म्हणणे असे, की दोन असले तर प्रत्येकावर ताण कमी पडतो आणि त्याच पातळीला आवाज अधिक स्वच्छ येतो. त्याचे म्हणणे खरे आहे. माझी शंका इतकीच, की चोवीस वर्षांच्या मुलाचा हात त्या पातळीवर थांबेल काय? मोठ्या दिवाणखान्यात दोन सबवूफरचा आणखी एक लाभ असतो, घुमार खोलीभर सारखा पसरतो. गाडीत तो प्रश्न फारसा उद्भवत नाही. 50 हर्ट्झच्या स्वराची एक लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते, गाडीचा आतला भाग त्याच्या निम्माही नसतो. काचा लावलेल्या त्या लहान पोकळीत खालचे स्वर आपोआपच चढतात. म्हणून तेथे एकच बंद पेटीचा सबवूफर पुष्कळ होतो.

आणि डिकी! दोन पेट्या ठेवल्यावर आजोबांची घडीची चाकखुर्ची कोठे जाणार, हे नातवाच्या ध्यानातच आले नव्हते. विजेचा भार वाढला की ठोक्यासरशी दिवे मिणमिणतात, ते वेगळेच.

मी त्याला एकच काम सांगितले. गाडी उभी करून, काचा लावून, नेहमीच्या आवाजात गाणे सुरू ठेव आणि आजोबांच्या जागी जाऊन बस. आजी पुढून काही बोलतील ते ऐकून दाखव. पेटी त्या आसनाच्या पाठीशी असते, चालकाला तिचा मारा कळत नाही. दुसऱ्या सबवूफरचे पैसे पुढच्या दारांतील स्पीकरवर खर्च करावेत. गाण्याचे शब्द तेथून येतात. घुमार कमीजास्त करण्याची वेगळी कळ चालकाच्या हाताशी बसवून घ्यावी आणि ज्येष्ठ मंडळी गाडीत असताना ती खाली आणावी. बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आहे ना, हे अवश्य पाहावे. त्याअभावी तार तापून आग लागू शकते.

छातीतील धडधडीविषयी. ती बहुतांशी हवेच्या कंपनाने छातीची भिंत हलल्याची जाणीव असते. तेवढ्याने हृदयाला इजा होत नाही. गाणे बंद केल्यावरही धडधड चालू राहिली, चक्कर आली किंवा दम लागला, तर ईसीजी काढून घ्यावा. पेसमेकर असलेल्यांनी स्पीकरच्या चुंबकापासून छाती किमान 15 सेंटीमीटर दूर ठेवावी. डिकीतील पेटी त्याहून लांबच असते, तेव्हा चिंता नको. मात्र सुटा सबवूफर छातीशी कवटाळून उचलू नये.

गेल्या आठवड्यात नातू पुन्हा आला. सबवूफर एकच आहे, चाकखुर्ची डिकीत मावते आणि साखरेची पुडी पुढच्या खणात ठेवलेली आहे. आजोबांना आता गाण्याचे शब्द बरेच कळू लागले आहेत, आणि ते कळल्यापासून 'हे कसलं गाणं, बंद कर' असा त्यांचा आग्रह सुरू झाला आहे. कानातला मळ मी काढला. श्रवणचाचणीला मात्र ते अजून तयार नाहीत. पुढच्या महिन्यात धुळ्याला जाताना तीही उरकून घ्यावी, असे आजींना सांगून ठेवले आहे.