खड्डा त्यांचा, बिल आपलं

परवा रात्री पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. धाडकन आवाज आला. टायर वाचला, पण अलॉय व्हील वाकलं. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, नुसतं वाकलं असतं तर गरम करून प्रेसवर सरळ केलं असतं. पण हा बघा, आतून क्रॅक आहे. वेल्डिंग करून चालवू नका, हायवेला फुटलं तर?" म्हणजे नवीनच घ्यायचं. इन्शुरन्स मागावा तर नो क्लेम बोनस जातो. रोड टॅक्सही आपण भरायचा आणि खड्ड्याचा दंडही आपणच!

माझं चाकावर निभावलं. मागून दुचाकीवाला आला असता तर?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय, खड्ड्याने मृत्यू झाला तर ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्या. चांगलंच आहे. पण घरातला माणूस गेल्यावर त्या ६ लाखांचं काय करायचं?

म्हणून मंडळी, नुसतं चडफडू नका. खड्ड्याचा फोटो काढा, ठिकाण आणि तारीख टाकून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. उद्या कुणी "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायला नको. मी काल दिलीय. तुम्ही?