मडके कच्चे, की आवाच विझलेला?

बारावीचा निकाल लागला की आपल्या गावी पेढे वाटले जातात, वेशीवर फलक लागतो, पुढारी पोराच्या गळ्यात हार घालून स्वतःचाच फोटो काढून घेतात. आषाढात तेच पोर कपड्यांची पिशवी घेऊन एस.टी.त बसते. दिवाळीला घरी येते. आणि त्यांतली काही पोरे दिवाळी सरली तरी माघारी जात नाहीत. त्या वेळी वेशीवर फलक लागत नाही, पुढारी फिरकत नाही, आणि "तुमचा मुलगा कामून आला नाही?" एवढे विचारणारी चार ओळींची चिठ्ठीही कॉलेजातून येत नाही. फी मात्र जमा झालेली असते!

आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात वीसएक वर्षे मास्तरकी करीत आहो. आमच्या हाताखालून गेलेला एक कुंभाराचा मुलगा गणितात मोठा तल्लख. शहरातल्या एका कॉलेजात गेला आणि कार्तिकात परत आला. आम्ही विचारले, "काय रे, जमलं नाही?" तो म्हणाला, "गुरुजी, पुस्तक इंग्रजी होतंच. पर तुमच्याकडं ते मराठीतून समजावून सांगत होते. तिथं समजावणंबी इंग्रजीतून. एकदा उभं राहून विचारलं, तर 'पानी' म्हणलो म्हणून सारा वर्ग हसला. सरबी हसले. मग नाही विचारलं." आज तो बापाबरोबर चिखल तुडवतो. चिखल तुडवणे हलके काम नव्हे. पण एका 'न'पायी गणित सोडावे लागणे, ह्याला न्याय म्हणत नाहीत.

ह्यावर शहाण्यांचे उत्तर ठरलेले आहे. "खेड्यातल्या पोरांचा पाया कच्चा. त्यांना शहर मानवत नाही. त्यांनी जुळवून घ्यायला शिकले पाहिजे." वाचकहो, हे 'जुळवून घेणे' नेहमी एकाच बाजूने का व्हावे? पोराने बोली बदलावी, जेवण बदलावे, कपडे बदलावे, आणि कॉलेजाने मात्र आपल्या खुर्चीचा कोनही बदलू नये?

नामदेवराय आमच्याच जिल्ह्यातल्या नरसीचे, शिंप्याच्या कुळातले. त्यांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली आहे. गोरोबाकाकांनी मडकी पारखावयाचे थापटणे घेऊन संतमेळ्यात एकेकाच्या डोक्यावर थापटले आणि नामदेवाचे मडके कच्चे ठरविले. भर सभेत अपमान झाला. पण गोष्ट तिथे संपत नाही. नामदेवाला औंढ्याची वाट दाखविली गेली. नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर भेटले आणि कच्चे मडके पक्के झाले. आमच्या कॉलेजांनी ह्या कथेचा पहिला अर्धा भागच तेवढा उचलला आहे. थापटणे हाती घेतले, 'कच्चे' म्हणून शेरा मारला, आणि मडके उकिरड्यावर टाकले. औंढ्याची वाट दाखविणार कोण? आव्यात न घातलेले मडके कच्चे निघाले, तर दोष मातीचा की कुंभाराचा?

सहानुभूतीचा एक हात किती काम करतो ते आम्ही स्वतः भोगले आहे. आम्ही अध्यापक विद्यालयात गेलो तेव्हा पहिल्या महिन्यात आमच्याही बोलण्याला हसू झाले होते. पेटी उचलून घरी निघालो होतो. वरच्या वर्गातल्या सेनगावकडच्या एका पोराने आमचा हात धरला, आपल्या खोलीत नेऊन भाकरी वाढली, ग्रंथालयातून पुस्तक कसे काढायचे, व्याख्यान ऐकताना टिपण कसे घ्यायचे, हे पंधरा दिवस रोज रात्री शिकविले. त्या एका पोरामुळे आम्ही आज मास्तर आहो. हे केवळ नशीब झाले. आणि ज्याच्या नशिबी असा पोरगा नाही, त्याने काय करावे?

आमच्या थोरांनी हे नशिबावर सोडले नव्हते. 1882 साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन सांगितले की, रयतेच्या घामाचा पैसा सरकार वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळते. शाहू छत्रपतींनी ओळखले की शाळेचा दरवाजा उघडून भागत नाही. पोराला शहरात पाठ टेकायला जागा, पोटाला अन्न आणि सोबतीला आपली माणसे लागतात. म्हणून 1901 साली कोल्हापुरात त्यांनी मराठा बोर्डिंग उभे केले आणि मागोमाग नाना जातींची वसतिगृहे निघाली. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यास शाहू बोर्डिंग काढून सर्व जातींची पोरे एका पंगतीला बसविली. बाबासाहेबांनी 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेस कॉलेज काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. आणि तिथेही वसतिगृहाचा विचार शिक्षणाबरोबरच झाला. ह्या तिघांचे सांगणे एकच: पोराला आत घेणे हे अर्धे काम, त्याला आत टिकविणे हे उरलेले अर्धे.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तर हे विशेष समजावे. निजामी राज्यात 1918 साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याची शिकविण्याची भाषा उर्दू. मराठी कुणब्याच्या पोराने आधी परकी भाषा घोटावी आणि मग विद्येला हात लावावा, असा तो मामला. 1948 साली निजामी गेली, 1958 साली मराठवाडा विद्यापीठ झाले, 1994 साली नांदेडचे विद्यापीठ अगदी उंबऱ्याशी आले. उंबरा जवळ आला, पण चौकट अजून ठेंगणीच राहिली. वाकल्याशिवाय आमचे पोर आत जात नाही!

नियम नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसांत कॉलेजाची, अभ्यासाची, एकमेकांची ओळख करून द्यावी, त्यांचे लहान लहान गट पाडून प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक शिक्षक नेमावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली 'दीक्षारंभ' नावाने लिहून दिले आहे. आम्ही पाहिलेला दीक्षारंभ म्हणजे नारळ, हार, अध्यक्षांचे तासभर भाषण आणि पोह्यांची बशी! छळाविरुद्ध महाराष्ट्रात 1999 सालचा कायदा आहे. रॅगिंग करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड; तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची. हे किती आईबापांना ठाऊक आहे?

आता नव्या धोरणाची गंमत ऐका. 2020 सालचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आमच्याकडच्या कॉलेजांत 2024-25 पासून आले. मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक असे नवे शब्द आले. एक श्रेयांक म्हणजे साधारण पंधरा तासांचे अध्यापन, एवढेही पोराला कोणी नीट सांगत नाही. तो विषय निवडतो ते शेजारच्याचा अर्ज पाहून. पण त्याच धोरणात एक दार मोठ्या सोयीचे आहे. एक वर्ष करून प्रमाणपत्र घ्या आणि बाहेर पडा! आम्ही विचारतो, ह्या दाराने बाहेर पडणार कोणाची पोरे? वकिलाची? डॉक्टरची? की ज्याच्या बापाचे सोयाबीन पावसात भिजले त्याची? बाहेर पडण्याचे दार रुंद आणि आत टिकण्याची पायरी निसरडी, अशा घराला आमच्यात सासुरवाडी म्हणत नाहीत, सापळा म्हणतात.

बंधूंनो, हे कोणा परक्याचे कारस्थान आहे असे सांगून आम्हाला टाळ्या नकोत. आज पुष्कळ संस्थांचे अध्यक्ष आपल्याच जातभाईंपैकी आहेत. गादीवरचा माणूस बदलला. गादीची ऊब तीच आहे. शाहू-फुल्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या अध्यक्षांना आमचा सवाल आहे: गेल्या वर्षी तुमच्या पहिल्या वर्षाला किती पोरे आली आणि दुसऱ्या वर्षाला किती उरली? हा आकडा फलकावर लावा. अनुदानित कॉलेजातल्या प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून जातो. विचारण्याचा हक्क आपला आहे.

आणि आमच्या मास्तर मंडळींनीही आरशात पाहावे. आम्ही पोरांना उत्तरे घोकायला लावतो, प्रश्न विचारायला शिकवीत नाही. मग कॉलेजात तो मुका बसला तर नवल काय? शेवटच्या वर्षी तरी पोराला स्वतः टिपण काढावयास लावा, उभे राहून शंका विचारावयास लावा.

आईबापांनो, तुम्हीही एवढे करा. पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात येतात हे दर वर्षीचे दुखणे आहे. म्हणून हळदीचे पैसे हाती येतील तेव्हाच त्यांतला एक वाटा बाजूला बांधून ठेवा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे, शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे; त्यांचे दाखले जूनच्या आत तयार ठेवा. पोराला सोडायला जाल तेव्हा फाटकावरून परत फिरू नका. आत जा, त्याचा मार्गदर्शक शिक्षक कोण ते विचारा, नाव लिहून घ्या. धोतर-पटक्याला लाजू नका. त्या इमारतीच्या विटा तुमच्याच पैशाच्या आहेत. फोन कराल तेव्हा "पास होशील ना?" असे आधी विचारू नका, "जेवलास का? कोणाशी बोलतोस?" हे आधी विचारा. आणि छळ होत असेल तर 1800-180-5522 हा आयोगाचा फुकटचा फोन रात्रंदिवस चालू आहे.

गावातून पुढे गेलेल्या पोरांना आमची हात जोडून विनंती आहे. दर आषाढात आपल्या गावचे नवे पोर हुडकून काढा, पंधरा रात्री त्याच्यापाशी बसा. तुम्हाला कोणी हसले असेल ते विसरू नका, आणि तुम्ही कोणाला हसू नका.

आमचा तो कुंभाराचा मुलगा परवा भेटला. आम्ही म्हटले, "येत्या आषाढात पुन्हा जा. ह्या वेळी आम्ही बरोबर येतो." तो काही बोलला नाही. हातातले मडके त्याने बोटाने वाजवून पाहिले आणि आव्यात ठेवले. आम्ही एस.टी.चे भाडे बाजूला काढून ठेवले आहे. प्रत्येक गावाने एका तरी पोरासाठी तेवढे काढावे, एवढेच आमचे मागणे आहे.