वेग कोणाचा, मरण कोणाचे?

४ ऑक्टोबर २०२४ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर १३ मजूर एका ट्रॅक्टरवर दाटीवाटीने बसून घराकडे परतत होते. भदोही जिल्ह्यात छताचा स्लॅब टाकण्याचे काम आटोपून त्यांना वाराणसी जिल्ह्यातील मिर्झामुराद भागातील आपली गावे गाठावयाची होती. वाराणसी व मिर्झापूर यांच्या सीमेवर, कछवानजीक, ग्रँड ट्रंक रस्त्यावर मागून आलेल्या ट्रकने त्यांना धडक दिली. १० जण ठार झाले. दिवसभर दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर घालणाऱ्या या माणसांना स्वतःच्या छपराखाली काही पोहोचता आले नाही.

अशा घटनेस आपण ‘अपघात’ म्हणतो. हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात दैवाचा घाला सूचित होतो, आणि दैवावर खटला भरता येत नसल्यामुळे माणसांची जबाबदारी आपोआप पुसट होते. परंतु मोटार स्वतःहून धावत नाही. तिचा वेग कोणीतरी ठरविलेला असतो, आणि तो कोणी व कशासाठी ठरविला, या प्रश्नाचे उत्तर शोधल्याखेरीज रस्त्यावरील मृत्यूंचा न्याय होऊ शकत नाही.

या बाबतीत कायदा काय म्हणतो? सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी संमतीवाचून मोटारींची शर्यत लावणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास पहिल्या खेपेस ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लाखो रुपयांचे वाहन उडविणाऱ्या धनिकपुत्रास ५ हजारांचा दंड म्हणजे एका संध्याकाळच्या चैनीचाही खर्च नव्हे. मजुरास मात्र तेवढ्या रकमेसाठी कित्येक दिवस राबावे लागते.

माणूस मेला म्हणजे खरा पेच सुरू होतो. बेदरकारपणे वा हयगयीने मृत्यू घडविण्याचा गुन्हा दंड संहितेत १८७० साली कलम ३०४ अ म्हणून घालण्यात आला; त्यास कमाल शिक्षा २ वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) ने ती ५ वर्षांपर्यंत नेली आहे. याहून गंभीर असा दुसरा गुन्हा आहे तो सदोष मनुष्यवधाचा. आपल्या कृत्याने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे हे ठाऊक असतानाही ते कृत्य करणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी ही तरतूद कलम ३०४ च्या दुसऱ्या भागात होती, आज ती कलम १०५ मध्ये आहे. तेव्हा सारा वाद एका प्रश्नाभोवती फिरतो: चालकास परिणामाची जाणीव होती काय? तो केवळ चुकला, की जाणूनबुजून दुसऱ्याच्या जिवाशी खेळला?

या प्रश्नाचा निकाल लावण्यास काय काय करावे लागते, हे मुंबईच्या वांद्रे भागातील कार्टर रोडने दाखवून दिले आहे. तेथे २००६ साली रस्तादुरुस्तीचे काम चालू होते. काम करणाऱ्या मजुरांना राहण्यासाठी पदपथावरच तात्पुरत्या झोपड्या उभारून देण्यात आल्या होत्या. १२ नोव्हेंबरच्या पहाटे त्या झोपड्यांपुढे झोपलेल्या मजुरांवर एक भरधाव मोटार चढली. ७ जण मृत्युमुखी पडले, ८ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्य आढळले. ज्या रस्त्याची ते डागडुजी करीत होते, त्याच रस्त्याने त्यांचा बळी घेतला.

सत्र न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये हे कृत्य केवळ हयगयीचे ठरवून ६ महिन्यांची साधी कैद दिली. सात प्रेते, सहा महिने! मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा निर्णय फिरवून सदोष मनुष्यवध मानला आणि ३ वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी अलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ती कायम केली. कृत्याच्या मानाने शिक्षा अपुरी असल्याचे त्या न्यायालयाने नमूद केले; परंतु ती वाढवून मागणारे अपील राज्य सरकारने केलेच नसल्याने तेथेच थांबणे त्यास भाग पडले. मृत मजुरांच्या वतीने बोलण्याचे काम ज्याचे होते, ते राज्य ऐन वेळी गप्प बसले. अशा मौनाची नोंद कोणत्याही कलमाखाली होत नाही.

मजुरांना पदपथावर कोणी झोपविले, हा प्रश्न तर आरोपपत्रात कधी येतच नाही. बांधकाम कामगारांना कामाच्या ठिकाणी किंवा जवळपास विनामूल्य तात्पुरता निवारा देण्याचे बंधन १९९६ च्या कायद्याने मालकावर घातले होते. त्या निवाऱ्याची जागा वाहत्या रस्त्याच्या कडेला असावी, असे मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते.

पुढे १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगरात एका १७ वर्षांच्या मुलाच्या हातातील महागड्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याच दिवशी त्यास जामीन मिळाला, आणि त्या जामिनाच्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. जनक्षोभ उसळल्यानंतर तपासाची चक्रे फिरली, आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांनाच अटक झाली. वास्तविक अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास वा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड, असे कलम १९९ अ २०१९ पासून पुस्तकात आहे. म्हणजे उणीव कलमांची नाही. शिक्षा ज्या पुराव्यावर उभी राहते तो पुरावाच पैशाने पोखरता येत असेल, तर कलमातील वर्षे दोनाची पाच वा पाचाची दहा केल्याने काय साधणार?

येथे ट्रकचालकाचा विचार करणे अगत्याचे आहे. तोही वेगाने जातो आणि त्याच्या चाकाखालीही माणसे मरतात. मेलेल्याच्या दृष्टीने दोन्ही मरणे सारखीच, म्हणून चालकाच्या दोषावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. तथापि त्याच्या वेगाचा हिशेब मालाच्या फेऱ्यांत मांडलेला असतो आणि तो मांडणारा मालक दूर सुरक्षित बसलेला असतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास व आठवड्याचे ४८ तास अशी कामाची मर्यादा घातली होती. रात्रीच्या महामार्गावर ती कितपत पाळली गेली, हे तांबारलेले डोळेच सांगतील. नव्या संहितेच्या कलम १०६ (२) ने धडकेनंतर वर्दी न देता पळणाऱ्या चालकास १० वर्षांपर्यंत कैद ठेवली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे चालक संपावर गेले. थांबलो तर जमाव ठार मारील, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम बाजूस ठेवण्यात आले. परंतु थकलेल्या चालकास गाडीवर बसविणाऱ्या मालकाची जबाबदारी त्या साऱ्या चर्चेत अस्पर्शच राहिली.

नुकसानभरपाईतही हाच भेद दिसतो. दावा न्यायाधिकरण मृताच्या कमाईवरून भरपाई मोजते. ज्यास आयुष्यभर कमी मजुरी मिळाली, त्याचे मरणही स्वस्त ठरते. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर वारसांना मिळणारी रक्कम १ एप्रिल २०२२ पर्यंत केवळ २५ हजार रुपये होती. आता ती २ लाख आहे.

म्हणून केवळ कठोर शिक्षेची आरोळी पुरेशी नाही. धडकेनंतर लगेच रक्ततपासणी आणि तिच्यावर स्वतंत्र देखरेख, ठराविक मुदतीत खटल्याचा निकाल, अपुऱ्या शिक्षेविरुद्ध अपील करण्याचे राज्यावर बंधन, चालकाबरोबर वाहनमालकाची आणि कामावर नेणाऱ्या ठेकेदाराचीही जबाबदारी, तसेच मजुरांसाठी सुरक्षित वाहन व निवारा, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या तरच कायद्याला धार येईल.

कायद्यापुढे सर्व समान आहेत, असे संविधान सांगते. रात्री काम आटोपल्यावर मिर्झामुरादचा मजूर ट्रॅक्टरऐवजी सुरक्षित वाहनाने घरी पोहोचेल, आणि त्यास कोणी चिरडलेच तर तपास अधिकारी चालकाच्या बापाचे नाव न विचारता त्याच्या रक्ताचा नमुना घेईल, त्या दिवशी त्या वचनास अर्थ येईल.